अँटेना खाली आणा, आपण वर जाऊ नका

प्रश्न साताऱ्याच्या एका ज्येष्ठ हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्याचा आहे. वय ६३, मानेचं दुखणं. घरामागच्या अंगणात १२ मीटरचा तिकोनी लॅटिस टॉवर. त्यावर रोटेटरसकट (अँटेना फिरवणाऱ्या मोटरसकट) तीन बँडचा, म्हणजे तीन लहर-पट्ट्यांचा यागी (एका दिशेला रोखायचा नळ्यांचा अँटेना), आडव्या हातावरून टांगलेला ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (मध्यावर उचललेला, टोकं खाली उतरलेला वायर अँटेना), आणि टोकाला टू मीटर बँडचा व्हर्टिकल (उभा अँटेना). आजवर दर मे महिन्यात ते स्वतः चढायचे. आता डॉक्टरही नको म्हणतात आणि घरचेही. गेल्या पावसाळ्यापासून मात्र सिग्नल मंद झालेत. ते विचारतात, "वर न चढता यातली किती देखभाल होईल? आणि जी होणार नाही तिचं काय करायचं?"

ओएम (आम्ही हॅम एकमेकांना अशीच हाक मारतो), आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डॉक्टरांनी नको म्हटलंय ते ऐका. तीस वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालंय की टॉवरवर चढणं म्हणजे देखभाल, ही समजूतच चुकीची आहे. वर्षातून एकदा वर जाऊन चार नट आवळून येण्यापेक्षा महिन्यातून एकदा खाली उभं राहून नीट पाहणं आणि मोजणं जास्त उपयोगी पडतं. बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा जमिनीवरून कळतं. वायर अँटेनाची तर दुरुस्तीही जमिनीवरून होते. जे उरतं, म्हणजे तुमच्या बाबतीत तो यागी आणि व्हर्टिकल, त्याची व्यवस्था एकदाच पैसे खर्चून बदलायची, म्हणजे पुढे तोही खाली येईल.

उंचीचा हिशेब एकदाच मांडतो. १० मीटरवरून निसटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर असतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. नुसता कमरेचा पट्टा लावून चढण्याची आपल्याकडे पद्धत होती, मीही तसाच चढलो आहे. पण तो पट्टा पडण्यापासून वाचवणारा नव्हेच, तो फक्त दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून असतो. पूर्ण अंगाचा हार्नेस, दोन लॅनयार्ड (टॉवरला अडकवायचे दोर), त्यातला एक कायम अडकवलेला, आणि खाली सुटका करू शकणारा माणूस, एवढं असेल तरच चढायचं. तेही प्रशिक्षण घेतलेल्याने.

आता मुद्द्याकडे येतो. पहिलं हत्यार म्हणजे डोळे.

सकाळचं तिरकं ऊन टॉवरवर पडलं की साधी ८ गुणिले ४० किंवा १० गुणिले ५० ची दुर्बीण घ्या. कोपर पॅरापेटवर टेका, म्हणजे प्रतिमा हलणार नाही. दरवेळी एकाच क्रमाने, पायथ्यापासून वर बघत जायचं: जोडावरचे बोल्ट, गाय वायरची, म्हणजे टॉवरला ताणून धरणाऱ्या तारांची पकड, रोटेटरचं बूड, यागीचा बूम (मधला लांब पाईप), मग एकेक एलिमेंट (त्यावरच्या आडव्या नळ्या). एलिमेंट एका रेषेत दिसत नसतील तर क्लॅम्प सैल झालाय. केबल टॉवरला बांधलेल्या पट्ट्या मोजा. काळ्या पट्ट्या उन्हात टिकतात, पांढऱ्या दोन उन्हाळ्यांत तुकडे होऊन पडतात, आणि मग सगळ्या केबलचं वजन वरच्या कनेक्टरवर येतं. फोनने त्याच जागेवरून, त्याच झूमला दर महिन्याला फोटो काढून ठेवा. एका फोटोत काही कळत नाही, पण मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेजारी ठेवला की वाकलेलं लगेच दिसतं.

टॉवर ओळंब्यात आहे का हे बघायला गवंड्याचा ओळंबाच वापरा. हात लांब करून दोरी डोळ्यासमोर धरायची आणि टॉवरची कड दोरीशी जुळवायची. एकदा पूर्वेकडून, एकदा दक्षिणेकडून. एकाच बाजूने बघितलं तर दुसऱ्या बाजूचा कल कळत नाही. ड्रोनबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला २०२१ च्या नियमांनुसार पायलट लायसन्स लागत नाही, पण लाल आणि पिवळ्या क्षेत्रात परवानगी लागतेच, म्हणून आधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा बघा. माझा अनुभव विचाराल तर गाय वायरच्या जाळ्यात ड्रोन घालणं जिकिरीचं आहे. दहा मीटर लांबून झूम केलेला फोटो पुरतो.

कानही वापरा. टॉवरचे पाय पोकळ पाईपचे असतील तर ते आतून गंजतात. बाहेरून रंग छान असतो आणि आत पाणी साठलेलं असतं. पायथ्यापासून अर्ध्या मीटरपर्यंत छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. चांगला पाईप खणखणतो. तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर त्या टॉवरवर कुणीही चढायचं नाही, अगदी प्रशिक्षित माणसानेही नाही. तळाशी पाणी निघून जायला ठेवलेली भोकं सिमेंटने किंवा चिखलाने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करा.

आता मोजमाप. खरं निदान इथेच होतं, म्हणून यावर जास्त वेळ घेतो.

आपण सगळे एसडब्ल्यूआर बघतो. म्हणजे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येतेय याचं माप. ते वाढलं की आपण घाबरतो आणि कमी असलं की निश्चिंत होतो. यातला दुसरा भाग धोक्याचा आहे. माझ्याकडे दहा मीटर बँडच्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर एका वर्षी अचानक सुधारला. २८ पासून २९.७ मेगाहर्ट्झपर्यंत सपाट, कुठेही १.३ च्या वर नाही. मी खूश होतो. दोन महिने हाका मारत होतो आणि उत्तर येत नव्हतं. दोष मी बँडच्या परिस्थितीला देत राहिलो. शेवटी टॉवरच्या पायथ्याशी जिथे दोन केबल जोडल्या होत्या तो जोड उघडला. पीएल-२५९ कनेक्टरचं कव्हर फिरवल्याबरोबर बोटांवर काळपट पाणी आलं. चाकूने वरचं आवरण चिरत गेलो. तांब्याची जाळी लालसर असायला हवी, ती आधी काळी, मग हिरवट, आणि जवळजवळ दोन मीटरपर्यंत तशीच. जाळी पाणी कसं ओढते तर समईतली वात तेल ओढते तसं. एक थेंब आत गेला की तो चढत जातो. अशी केबल शक्ती स्वतःच खाते. वरून परत येणारा भागही वाटेत संपतो, म्हणून मीटरला परतावा दिसत नाही आणि एसडब्ल्यूआर सुंदर दिसतो.

चांगल्या केबलमध्येही थोडं हेच होतं. ३० मीटर आरजी-२१३ ही जाड केबल घेतली तर १४५ मेगाहर्ट्झला तिच्यात सुमारे अडीच डेसिबल जातात. म्हणजे रिगमधून (रेडिओ संचातून) ५० वॉट निघाले तर वर २७-२८ पोचतात. वर अँटेनाशी खरा एसडब्ल्यूआर ३ असला तरी खाली शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, तो १.८ च्या आसपास दिसतो. तुमचा टू मीटर व्हर्टिकल बरा चाललाय असं वाटत असेल, तर ते म्हणूनच पुन्हा तपासायला हवं.

उपाय सोपा आहे. नॅनोव्हीएनए हे अँटेना आणि केबल तपासणारं, हाताच्या तळव्याएवढं यंत्र आता काही हजार रुपयांत मिळतं. ते घ्याच. जोडण्याआधी केबलची मधली तार आणि जाळी क्षणभर एकमेकांना टेकवायची, कारण उंच वायरवर स्थिर वीज साठलेली असते आणि यंत्राचं नाजूक तोंड तेवढ्यानेही जळतं. मग तीन गोष्टी मोजायच्या.

पहिली, प्रत्येक बँडवरचा एसडब्ल्यूआरचा आलेख. फक्त सर्वांत कमी आकडा नाही, तो कोणत्या फ्रीक्वेन्सीला येतो ते, आणि दोन्ही बाजूंना २ पर्यंत कुठे चढतो ते. आकडा तोच राहून आलेख पसरट झाला तर नुकसान वाढलंय. आलेख खालच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकला तर वायर लांबली, ओली झाली किंवा कशाला तरी टेकतेय. पावसात इन्व्हर्टेड व्हीचा बिंदू थोडा खाली जाणं स्वाभाविक आहे. ऑक्टोबरच्या उन्हात आठवडाभर वाळूनही तो परत आला नाही, तर बालनच्या (केबल आणि अँटेना यांना जोडणाऱ्या मधल्या भागाच्या) डबीत पाणी आहे असं समजा.

दुसरी, केबलची स्वतःची घट. यासाठी वर जाऊन अँटेना सोडवावा लागतो असं सांगितलं जातं, पण गरज नाही. ४० मीटरचा डायपोल, म्हणजे तुमचा इन्व्हर्टेड व्हीच, ३ मेगाहर्ट्झला जवळजवळ काहीच घेत नाही, सगळं परत पाठवतो. मग त्या फ्रीक्वेन्सीला रिटर्न लॉस, म्हणजे जाऊन परत येण्यात झालेली घट, मोजायचा आणि त्याचा निम्मा करायचा, ती केबलची एकेरी घट. ३० मीटर आरजी-२१३ तब्येतीने ठीक असेल तर हा रिटर्न लॉस १ डेसिबलच्या आत राहतो. तोच ३-४ दिसला तर केबल किंवा बालन शक्ती गिळतंय. दरवर्षी एकच फ्रीक्वेन्सी ठेवा, म्हणजे तुलना करता येते.

तिसरी, अंतर. नॅनोव्हीएनएमध्ये प्रतिध्वनीवरून बिघाडाची जागा शोधायची सोय आहे. केबलचा वेगगुणक (लहर केबलमधून प्रकाशाच्या वेगाच्या किती पट वेगाने जाते तो आकडा) मात्र बरोबर भरायचा, आरजी-२१३ सारख्या घट्ट पॉलिथिनच्या केबलला ०.६६. एकदा एका मित्राच्या घरी ठोका ६ मीटरवर दिसत होता आणि तो वरचा कनेक्टर बदलायला माणूस बोलवायच्या तयारीत होता. ६ मीटरवर होती खिडकी. खिडकीच्या लोखंडी चौकटीत केबल दबून चपटी झाली होती.

साधा मल्टिमीटरही विसरू नका. शॅकमध्ये केबलची मधली तार आणि जाळी यांच्यामधला रोध मोजा. काही अँटेना शॉर्ट दाखवतात, काही ओपन, ते मॅचिंगच्या प्रकारावर अवलंबून असतं. तुमचा बसवला त्या दिवशी काय होतं ते महत्त्वाचं. रोटेटरच्या तारांचंही तसंच: प्रत्येक जोडीचा रोध वहीत हवा. आणि घड्याळ लावून एक पूर्ण फेरी मोजा. बहुतेक रोटेटर मिनिटाच्या आसपास घेतात. ५८ सेकंद होते ते ७० झाले तर बेअरिंगमधलं ग्रीस वाळलंय, पाणी गेलंय किंवा तारेत रोध वाढलाय, हे तुम्हाला तो बंद पडायच्या सहा महिने आधी कळतं.

हे सगळं एका वहीत. फोनमध्ये नको, वहीच ठेवा आणि ती रिगशेजारी राहू द्या. तुम्ही लिहिलंय की जुने आकडे नाहीत. हरकत नाही, आजपासून लिहा. पहिल्या वर्षी वही फारसं सांगत नाही, दुसऱ्या वर्षी ती बोलायला लागते.

आता इन्व्हर्टेड व्ही. तुम्ही तो आडव्या हाताला कायमचा बांधलाय. तेवढं बदलून टाका. तिथे कप्पी बसवायची, स्टेनलेस स्टीलची, बोटीवर वापरतात तशी, जिच्या चाकाच्या आणि गालाच्या फटीत दोरी शिरू शकणार नाही. विहिरीच्या रहाटाची कप्पी चालत नाही, तिच्यातून बारीक दोरी चाक सोडून बाजूला उतरते आणि अडकते. दोरी पॉलिस्टरची विणलेली, ६ ते ८ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी निळी-पिवळी दोरी घेऊ नका. ती पॉलिप्रॉपिलिनची असते, उन्हाने तिचा भुसा होतो. नायलॉन मजबूत असतं पण ओलं झालं की लांबतं आणि तुमचा व्ही झोळीसारखा लोंबतो.

दोरीची दोन्ही टोकं एकत्र बांधून अखंड वेढा करायचा, जिन्याजवळच्या कपड्यांच्या दोरीसारखा. १२ मीटरच्या टॉवरला २६ मीटर दोरी धरा. या वेढ्याला एक कडी आणि कडीला अँटेनाचा मधला इन्सुलेटर एका वेगळ्या, बारीक दोरीने. वादळात झाड आदळलं किंवा वायर खेचली गेली तर ही बारीक दोरी आधी तुटते आणि वेढा कप्पीत शाबूत राहतो. एकेरी दोरी असती तर ती तुटल्याक्षणी कप्पीतून सळसळत खाली आली असती आणि पुन्हा ओवायला कुणाला तरी चढावं लागलं असतं. वेढ्याची दोरी चार-पाच वर्षांनी, ती चांगली दिसत असतानाच बदलायची. जुनी सोडून तिच्या टोकाला नवी टोकाशी टोक लावून टाके घालायचे, वर घट्ट टेप, आणि लेंग्यात नाडी ओवतो तशी हळूहळू ओढून घ्यायची. मी हे काम उन्हाळी सुटीत भाच्याला बरोबर घेऊन करतो, पंधरा मिनिटं लागतात.

व्हीची खालची टोकं ३ मीटरपेक्षा खाली नकोत. टोकाला विद्युतदाब सर्वांत जास्त असतो, १०० वॉटलाही बोट पोळतं आणि ती जखम खोल असते. टोकाची दोरी झाडाला किंवा खांबाला घट्ट बांधू नका. तिथेही छोटी कप्पी आणि तिच्या खाली चार-पाच किलो वजन. झाड डोललं की वजन वरखाली होतं, वायर तुटत नाही.

अँटेना खाली घ्यायच्या वेळी रिग बंद, पॉवर सप्लाय बंद, आणि केबल रिगपासून काढून तिचं टोक स्वतःबरोबर बाहेर आणायचं. घरात कुणी उत्साहाने पीटीटी (बोलायचं बटण) दाबणार नाही याची खात्री एवढ्याच मार्गाने होते.

यागीकडे येतो. हा भाग जपून वाचा, कारण जमिनीवरून काम करतोय म्हणजे धोका नाही असं समजणारेही जखमी होतात.

जड अँटेना खाली आणायचा रास्त मार्ग म्हणजे बुडाशी बिजागरी असलेला मास्ट, म्हणजे पाईपचा खांब. त्याच्याशी काटकोनात एक छोटा खांब, ज्याला जिन पोल म्हणतात, त्याच्या टोकावरून दोर विंचकडे (दांडा फिरवून दोर गुंडाळणाऱ्या यंत्राकडे). मास्ट झुकत जातो तसा जिन पोल वर येतो. कागदावर सोपं आहे. आता वजन बघा. ९ मीटरचा दोन इंची मध्यम जाडीचा जीआय पाईप साधारण ४५ किलो भरतो. त्याचा भार मध्यावर, ४.५ मीटरवर धरला तर २०२ किलो-मीटर. टोकाला १२ किलोचा अँटेना, त्याचे १०८. एकूण ३१०. जिन पोल ३ मीटरचा आणि विंच बुडापासून ३ मीटरवर असेल, तर मास्ट आडवा असताना दोरावर येणारा ताण १४६ किलो. आणि आपण काय म्हणतो? "पंचावन्न-साठ किलोचा तर आहे, चौघं मिळून धरू." चौघांनी हाताने धरलेला दोर १४६ किलोला सुटतो, कारण सर्वांत जास्त भार अगदी शेवटी, मास्ट जमिनीजवळ आल्यावर येतो आणि तोवर हात थकलेले असतात. जिन पोल ४.५ मीटरचा करून विंचही ४.५ मीटरवर नेली की हाच ताण ९७ किलोवर उतरतो. लांब जिन पोलचा खर्च करा, तो वाया जात नाही.

विंच ब्रेकची हवी, म्हणजे दांडा सोडला तरी भार जागेवर थांबतो. नुसत्या खटक्याच्या विंचचा दांडा खाली सोडताना हातातून निसटला तर तो पंख्यासारखा फिरतो आणि मनगट मोडतो. गॅरेजमधून चेन ब्लॉक भाड्याने आणायचा मोह होतो. तो उभा टांगून वापरायचा असतो, आडवा लावला की साखळी गुंतते.

आणखी एक गोष्ट, जी मी डोळ्यांनी पाहिली म्हणून आग्रहाने सांगतो. बाजूच्या दोन गाय वायरचे अँकर बिजागरीच्या आसाच्या सरळ रेषेत आणि त्याच उंचीला हवेत. तसे असले तरच मास्ट झुकताना त्यांचा ताण बदलत नाही. एका स्नेह्याच्या गावच्या घरी उजवा अँकर रेषेत होता, डावा मात्र नारळाचं झाड आड आलं म्हणून फूटभर मागे घेतला होता. उभा असताना काही कळलं नाही. उतरवायला लागलो, मास्ट अर्ध्यावर आला आणि डावी तार सतारीच्या तारेसारखी ताठ झाली. उजवी त्याच वेळी सैल होऊन लोंबायला लागली. मी थांबा म्हणेपर्यंत मास्टवरचं वेल्ड केलेलं कडं फाटलं, पाईप उजवीकडे वळला आणि गोठ्याच्या पत्र्यावर आडवा पडला. त्या पत्र्याखालच्या पडवीत पाच मिनिटांपूर्वी त्याची आई वाळवणाचे सूप उचलत होती. त्या दिवसापासून मास्टची लांबी अधिक तीन मीटर एवढ्या त्रिज्येत चुन्याची रेघ मारल्याशिवाय मी दोराला हात लावत नाही. रेघेच्या आत फक्त विंचवरचा माणूस, तोही मास्टच्या पडण्याच्या बाजूला नाही. घरच्यांनाही सांगून ठेवायचं, आणि हुकूम एकाच माणसाने द्यायचे.

क्रँकने वरखाली होणारा दुर्बिणीसारखा टॉवर असेल तर एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: तो पूर्ण खाली बसलेला नसेल तर त्यावर चढायचं नाही आणि त्याच्या चौकटीत हात घालायचा नाही. सगळा भार एका तारेच्या दोरावर असतो. दोर तुटला तर आतला भाग बाहेरच्यातून कात्रीसारखा खाली येतो.

आणि विजेच्या तारा. मास्ट, अँटेना आणि त्याचा प्रत्येक लोंबता भाग, कोणत्याही बाजूला कोसळला तरी महावितरणच्या तारेला पोचू नये. किमान अंतर एकूण उंचीच्या दीडपट धरा, १२ मीटरला १८ मीटर. घराला येणारी २३० व्होल्टची सर्व्हिस वायरही यात मोजायची, तिचं आवरण उन्हाने फुटलेलं असतं. ११ केव्हीची लाईन जवळून जात असेल तर लोखंडी मास्ट उभा करण्याचा विचारच सोडा. मास्ट धरून उभी असलेली सगळी माणसं एकाच वेळी जातात, सोडवायला कुणी उरत नाही. वायर अँटेनाही तारांच्या वरून किंवा खालून न्यायचा नाही.

गाय वायरकडे बघताना बुलडॉग क्लॅम्प (दुमडलेल्या तारेची पकड) नीट बघा. क्लॅम्पची खोगिरासारखी बाजू ताण असलेल्या तारेवर हवी आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटा लावला की यू बोल्ट भार वाहणारी तार चिरडतो. मी पाहिलेल्या निम्म्या तरी ठिकाणी तो उलटा होता. टर्नबकलच्या (तारेचा ताण कमीजास्त करायच्या स्क्रूच्या) मधून तार ओवून ती पिळलेली हवी, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो आपोआप उलगडतो. नट आवळल्यावर नटापासून पट्टीपर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढा. नट अर्धा फिरला तरी रेघ तुटलेली दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. पुढच्या वेळी माणूस वर जाईल तेव्हा त्याला हे वरच्या प्रत्येक नटावर करायला सांगा.

अँकरची जमीन विसरू नका. साताऱ्यात नदीकाठी काळी कसदार माती असेल तर ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते. त्यात उथळ पुरलेला काँक्रीटचा ठोकळा दरवर्षी थोडा उचलला जातो. मुरूम लागेपर्यंत खणा. मे महिन्यात ठोकळ्याभोवती फट दिसली तर त्या वर्षी गाय वायरचा ताण पावसाआधी आणि पावसानंतर असा दोनदा तपासायचा.

वारा किती धरायचा हेही सांगतो, कारण आपण तो नेहमी कमी धरतो. आयएस ८७५ या भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद आहे, मुंबईसाठी ४४. ३९ ला प्रत्येक चौरस मीटरवर ९० किलोहून जास्त दाब येतो. अर्ध्या चौरस मीटरचा यागी म्हणजे १२ मीटर उंचीवर कुणीतरी ४५ किलोने आडवं ढकलतंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं ते ताशी ११० ते १२० किलोमीटरने. वादळाचा इशारा आला आणि मास्ट झुकवता येत असेल, तर आदल्या दिवशी शांत हवेत झुकवून ठेवा. वारा सुटल्यावर दोराला हात लावायचा नाही.

विजांचं थोडक्यात. आपल्याकडे खरा धोका वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात असतो, मधल्या संततधारेत तुलनेने कमी. ढग भरून यायच्या आधी केबल काढायची. गडगडाट सुरू झाल्यावर ती काढायला धावू नका, तेव्हा केबलपासून लांब राहणंच शहाणपणाचं. टॉवरचं अर्थिंग, घराचं अर्थिंग आणि शॅकचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं, वेगवेगळं नाही. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकेल, केबलवरून आत येणार नाही.

पक्षीही आहेत. कावळे उन्हाळ्यात घरटं बांधतात आणि त्यात काड्यांबरोबर तारांचे तुकडे आणून घालतात. रोटेटरच्या चौकटीत असं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत यागी फिरवू नका, नंतर ते काढायची सोय करा. संक्रांतीनंतर मांजा अडकलेला दिसतो. एलिमेंटवर लोंबणारा मांजा लांब बांबूने काढता आला तर ठीक, तारांजवळ असेल तर महावितरणला कळवा. खाली पाईपची उघडी टोकं टोपीने बंद करा, नाहीतर गांधीलमाश्या आत घर करतात आणि मास्ट उतरवताना नेमक्या हातावर येतात.

आता तुमच्यापुरतं. पहिल्या आठवड्यात फक्त मोजा. रिसीव्हिंग सगळ्याच बँडवर मंद आहे की एकाच अँटेनावर, ते आधी बघा. एकाच केबलवर असेल तर ३ मेगाहर्ट्झची चाचणी आणि अंतराची चाचणी. पावसानंतर सुरू झालेल्या तक्रारीत माझा पहिला संशय पायथ्याच्या जोडावर असतो, आणि तो तुमच्या हाताच्या उंचीवर आहे. जोड बदललात तर त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, दुप्पट लांबीला ताणून, खालून वर गुंडाळत, म्हणजे कौलांसारखे थर वरून खाली पाणी वाहून नेतील. त्यावर साधी विनाइल टेप, उन्हापासून बचावाला.

मग फेब्रुवारी-मार्चमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आत, बूम लिफ्ट आणि प्रशिक्षित माणूस एका दिवसासाठी भाड्याने घ्या. मोबाइल टॉवरवर काम करणारे रिगर तालुक्याच्या गावातही मिळतात, त्यांना स्वतःचा हार्नेस आणायला सांगा आणि बघून घ्या. त्या एका दिवसात तीन कामं करून घ्यायची: यागी आणि रोटेटर उतरवणं, आडव्या हाताला दोन कप्प्या लावून वेढे ओवणं, एक वापरायचा आणि एक राखीव, आणि टोकाचा व्हर्टिकल काढणं. व्हर्टिकल गच्चीवरच्या ६ मीटरच्या झुकत्या पाईपवर लावा. उंची कमी झाली तरी केबल ३० मीटरऐवजी १० मीटर लागेल आणि तोटा बराच भरून निघेल.

यागी परत वर चढवू नका असा माझा आग्रह आहे. त्याऐवजी दहा-बारा किलोचा हेक्सबीम (षटकोनी चौकटीवर ताणलेल्या तारांचा अँटेना) ९ मीटरच्या झुकत्या मास्टवर. १२ मीटरवरचा यागी आणि ९ मीटरवरचा हेक्सबीम यांत २० मीटर बँडवर फरक पडतो, तो मी नाकारत नाही. पण त्या मास्टवरचा सैल नट तुम्ही खुर्चीवर बसून आवळू शकाल. आलेख आणि वहीतले आकडे पाठवा, आपण ते बघू आणि मग मास्टच्या अँकरची जागा ठरवू. अंगणाचं माप घेताना नारळ आणि सर्व्हिस वायर कुठे आहेत ते आठवणीने नकाशात दाखवा.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).